टक्कल, हप्ता आणि निवडीचे स्वातंत्र्य

नवी मुंबईत वाशी, नेरूळ, खारघर यांपैकी कोणत्याही भागातील बाजारपेठेतून फेरी मारली, तर दवाखाने, शिकवणीवर्ग आणि घरांचे दलाल यांच्या पाट्यांच्या रांगेत आता आणखी एक पाटी नेमाने दिसते. गेलेले केस परत मिळवून देणाऱ्या केंद्राची ती पाटी असते. तिच्यावर एकाच माणसाची दोन छायाचित्रे असतात. डावीकडे तो विरळ केसांचा व खिन्न, उजवीकडे दाट केसांचा व हसरा. खाली लहान अक्षरांत सुलभ हप्त्यांची सोय असल्याचे नमूद केलेले असते. महापे किंवा रबाळे येथील कारखान्यात कंत्राटदाराच्या हजेरीपटावर राबणारा पंचवीस-सव्वीस वर्षांचा एखादा तरुण या पाटीखालून रोज जातो. त्याच्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकू लागलेले असतात, शेंडीच्या जागी कातडी दिसू लागलेली असते, आणि गावाकडे त्याच्यासाठी स्थळे पाहणे चालू असते. एक दिवस तो जिना चढतो. आत त्याला प्रथम भेटणारी व्यक्ती पुष्कळदा डॉक्टर नसते. ती स्वतःला समुपदेशक म्हणवते, आणि तिचे काम सल्ला देण्याचे कमी व गिऱ्हाईक पक्के करण्याचे अधिक असते. अर्ध्या तासात या तरुणासमोर लाखाच्या घरातील एक आकडा, महिन्याच्या हप्त्याचे कोष्टक आणि सहीसाठी एक कागद येतो.

त्या कागदावर सही करणाऱ्याने उपचाराची निवड केली, असे म्हणता येईल काय? निवड करणे म्हणजे निदान काय, पर्याय कोणते, प्रत्येकाचा खर्च व धोका किती, आणि काहीच न केल्यास काय होईल, हे ठाऊक असताना निर्णय घेणे. येथे या सर्व प्रश्नांची उत्तरे त्याला एकाच माणसाकडून मिळतात आणि तो माणूस त्यांपैकी सर्वांत महाग उत्तराचा विक्रेता असतो. बाजारात स्वातंत्र्य आहे असे सांगितले जाते ते हेच. केस गळणाऱ्या पुरुषासमोर आज खरोखरच काही उपयुक्त उपचार आहेत, त्यांतील दोन स्वस्त आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. पण तो क्रम त्याला समजावून सांगण्यात कोणाचाही फायदा नसल्यामुळे तो बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. या उलट्या सुरुवातीची किंमत कधी कर्जाने मोजावी लागते, तर क्वचित जिवाने.

हा विषय निघाला की चळवळीतील अनेकांना हसू येते. रोजगार, महागाई, घरे, पाणी हे प्रश्न उभे असताना डोक्यावरच्या केसांची चिंता ही रिकामटेकड्यांची चैन होय, असे त्यांना वाटते. हे हसू समजण्यासारखे असले तरी न्याय्य नाही. डोक्यावर केस असावेत की नसावेत, हा या समाजात कधीच केवळ खासगी प्रश्न नव्हता. विधवेचे केशवपन ही एका व्यक्तीची आवड नव्हती. तिला लग्नाच्या व सन्मानाच्या बाहेर काढल्याची ती जाहीर खूण होती. म्हणूनच १८९० साली मुंबईतील न्हावी समाजाने विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविण्यास नकार दिला आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या लढ्याला संघटित रूप दिले. गिरणी कामगारांची संघटना बांधणाऱ्या पुढाऱ्याला केसांचा प्रश्न क्षुल्लक वाटला नाही. पुरुषाच्या टकलाची तुलना त्या क्रौर्याशी करता येणार नाही, हे उघड आहे. तरीही उघड्या डोक्याला जोडलेली लाज समाजच निर्माण करतो, हा त्या लढ्याचा धडा येथेही लागू पडतो. लग्नाच्या बाजारात छायाचित्र पाहून नकार येतो, मुलाखतीत उमेदवार वयस्क वाटतो, कारखान्यात सोबती टोपणनाव ठेवतात. ज्याला हे रोज सोसावे लागते त्याचे दुःख खरे असते. त्याला हसून वाटेला लावणारा कार्यकर्ता त्याला नकळत त्या जिन्याकडेच ढकलत असतो.

आधी निदान

केस गळणे हे लक्षण आहे; तो एकच एक रोग नव्हे. निरोगी माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतील पन्नास ते शंभर केस रोज गळतात. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो, मग गळतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. विषमज्वर, डेंग्यू, कोविड यांसारखे आजार, मोठी शस्त्रक्रिया, उपासमार किंवा तीव्र मानसिक धक्का यांनंतर दोन-तीन महिन्यांनी एकाच वेळी पुष्कळ केस विश्रांतीत जाऊन मुठीमुठीने गळू लागतात. हा प्रकार बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबतो. तेवढ्या काळात जे तेल, जी गोळी किंवा जे इंजेक्शन चालू असेल त्याला मात्र फुकटचे यश मिळते. डोक्यावर नाण्याएवढा गुळगुळीत चकंदळा पडला, तर ती चाई असू शकते. तिच्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते आणि तिचा उपचार सर्वस्वी निराळा आहे. बुरशीचा संसर्ग, थायरॉईडचा विकार, लोहाची कमतरता, काही औषधे यांमुळेही केस जातात.

कारण न शोधता उपचार करणे किती निरर्थक ठरते, याचे उदाहरण महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातल्या काही गावांत स्त्रिया, पुरुष आणि मुले यांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून डोकी उघडी पडली. प्रथम विहिरींच्या पाण्यावर संशय घेतला गेला, त्वचेचे मलम आणि औषधी साबण सुचविले गेले, आणि ‘टक्कल विषाणू’ असा शब्दही वृत्तपत्रांतून फिरला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आणि जस्ताचे घटलेले आढळल्याचे सांगितले, आणि त्याचा संबंध रेशनवर मिळालेल्या गव्हाशी जोडला. हा निष्कर्ष ध्यानात घेतला तर त्या गावांना उपयोगी पडणारे औषध डोक्याला लावायचे नव्हते. ताटातला गहू बदलणे हाच उपचार होता. तेथे केशरोपणाचे केंद्र उघडणाऱ्याने धंदा केला असता, पण एकाही माणसाला बरे केले नसते.

नवी मुंबईतल्या त्या तरुणाचे दुखणे मात्र बहुधा सर्वांत परिचित असे, म्हणजे पुरुषी वळणाचे टक्कल असते. कपाळाचे कोपरे आणि शेंडीची जागा यांपासून ते सुरू होते व कानांच्या वरची आणि मागची झालर शिल्लक राहते. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने १९४२ साली दाखवून दिले की, वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण निकामी झाले त्यांना असे टक्कल पडत नाही; बाहेरून पुरुषी संप्रेरक दिल्यास, ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागते. म्हणजे आनुवंशिकता आणि संप्रेरक अशा दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे अधिक प्रभावी संप्रेरक बनते. त्याला संवेदनशील असलेली मुळे हळूहळू आकसतात आणि जाड केसाऐवजी लव उगवू लागते. टक्कल आजोळकडूनच येते ही समजूत अर्धीच खरी आहे. एक महत्त्वाचा जनुक आईकडून येतो, पण इतर अनेक जनुकांचा वारसा दोन्ही बाजूंनी मिळतो.

हे एकदा समजले की पुष्कळ गैरसमज गळून पडतात. गाव सोडून या शहरात आलेला तरुण पाण्याला दोष देतो. परंतु मोरबे धरणाचे पाणी पिणाऱ्या नेरूळमध्ये, हेटवण्याचे पाणी येणाऱ्या वसाहतींत आणि गावच्या विहिरीवरही कपाळाचे कोपरे एकाच वळणाने मागे सरकतात. क्षारयुक्त पाण्याने केस राठ होतात, हे खरे. वंशपरंपरेचे टक्कल त्याने पडत नाही. दुसरा समज अधिक घातक आहे. कारखान्यातील शिरस्त्राण किंवा दुचाकीवरील हेल्मेट वापरल्याने टक्कल पडते, असे मानून काही तरुण ते डोक्यावर घालणे टाळतात. केसांची मुळे रक्तातून प्राणवायू घेतात; टोपीखाली ती गुदमरत नाहीत. केस वाचविण्यासाठी डोके धोक्यात घालणे हा सौदा कोणत्याही कामगाराने करू नये. माका, जास्वंद, कांद्याचा रस यांच्या बाबतीत एवढेच म्हणता येईल की तेलाने केस मऊ राहतात आणि आईच्या हाताने डोके चोळून घेण्याचे सुख मोठे असते. पण या संप्रेरकाला ते तेल अडवू शकत नाही.

दोन स्वस्त औषधे

पुरुषी टकलावर पुराव्याच्या कसोटीला उतरलेली मुख्य औषधे दोन आहेत आणि दोन्हींचा शोध वाकड्या वाटेने लागला. मिनॉक्सिडिल हे मुळात उच्च रक्तदाबाचे औषध. त्याची गोळी १९७९ साली अमेरिकेत मान्य झाली आणि ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे दिसले. त्या दुष्परिणामाचाच पुढे उपयोग करून १९८८ साली डोक्याला लावायचे द्रावण बाजारात आले. पुरुषांसाठी सामान्यतः पाच टक्के तीव्रतेचे द्रावण दिवसातून दोनदा कोरड्या त्वचेवर लावतात. पहिल्या काही आठवड्यांत केस अधिकच गळतात. जुने केस नव्यांना जागा करून देतात म्हणून असे घडते; पण हे कोणी सांगितलेले नसल्यामुळे असंख्य लोक नेमके याच वेळी बाटली फेकून देतात. परिणाम दिसण्यास चार ते सहा महिने लागतात आणि द्रावण बंद केल्यास मिळालेले केस काही महिन्यांत जातात. काहींना खाज सुटते, धडधड होते. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावू नये.

दुसरे औषध फिनास्टेराइड. प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीसाठी पाच मिलिग्रॅमची गोळी १९९२ साली आली आणि टकलासाठी एक मिलिग्रॅमची गोळी १९९७ साली. ती टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर करणाऱ्या विकराला अडवते, म्हणजे मुळावरच घाव घालते. अठरा ते एकेचाळीस वयाच्या १,५५३ पुरुषांवर झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दोन वर्षांच्या अखेरीस गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के पुरुषांचे शेंडीच्या जागेतील केस कायम राहिले किंवा वाढले. दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. यात ‘कायम राहिले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जे आहे ते राखणे हे या गोळीचे मुख्य काम आहे. पाटीवरच्या उजव्या छायाचित्राशी तिची तुलना करणाऱ्याची निराशा होणार. न घेतल्यास पाच वर्षांनी जे डोके दिसले असते त्याच्याशी तुलना करणाऱ्याला तिची किंमत कळेल.

या गोळीचे धोकेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. चाचण्यांच्या पहिल्या वर्षात लैंगिक स्वरूपाचे दुष्परिणाम गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के आणि न घेणाऱ्यांत २.१ टक्के आढळले. बहुतेकांचा त्रास गोळी थांबविल्यावर गेला. पण काहींच्या बाबतीत तो नंतरही टिकल्याच्या तक्रारी आल्या, आणि २०१२ साली अमेरिकेतील नियंत्रकांनी तशी नोंद माहितीपत्रकात करावयास लावली. युरोपीय औषध नियंत्रकांनी मे २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. तो किती जणांत होतो हे ठरलेले नाही. म्हणून ज्याला नैराश्याचा त्रास आहे किंवा होता, त्याने ही गोळी सुरू करण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगावे आणि मन खचू लागल्यास ती तत्काळ थांबवावी. गर्भवती स्त्रीने फुटलेल्या गोळीला हात लावू नये, कारण पोटातील मुलग्याच्या वाढीत दोष निर्माण होऊ शकतो. याच कारणास्तव गोळी घेणाऱ्याने रक्तदान करण्यापूर्वी रक्तपेढीच्या डॉक्टरांना तसे सांगितले पाहिजे. रक्तदान शिबिरे भरविणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पुढे वय वाढल्यावर प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी करावयाच्या रक्तचाचणीचा आकडाही या गोळीमुळे निम्म्यावर येतो. चाचणी वाचणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर रोग नजरेआड होईल.

ही गोळी भारतात स्वस्त आहे, यामागेही इतिहास आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर मक्तेदारी नाकारली होती. केवळ तयार करण्याच्या प्रक्रियेवर ती मिळे. त्यामुळे वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनविण्याची मुभा देशी कारखान्यांना होती आणि परदेशांत पेटंटखाली महाग विकली जाणारी औषधे येथे अल्प किमतीत मिळत. जानेवारी २००५ पासून वस्तूवरील पेटंट परत आले, पण हे औषध त्याआधीच येथे स्वस्त झालेले होते. लोकहिताच्या एका कायद्याचे हे फळ आहे. मात्र स्वस्त औषधाची जाहिरात कोण करणार? ज्या वस्तूत नफा थोडा तिच्यासाठी स्थानकाबाहेर पाटी लागत नाही. म्हणून ज्याच्यासाठी ते औषध स्वस्त ठेवले गेले, त्या कामगारालाच त्याचे नाव ठाऊक नसते.

खर्चाचा हिशेब दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे मांडावा. ही दोन्ही औषधे जेनेरिक स्वरूपात घेतली तर महिन्याचा खर्च कंत्राटी कामगाराच्या एक-दोन दिवसांच्या मजुरीच्या आसपास जातो. परंतु ती चालू असेपर्यंतच गुण देतात, आणि वीस वर्षांची बेरीज केली तर ती रक्कमही लहान राहत नाही. तरीही त्यांचा एक मोठा गुण आहे, तो असा की ती कधीही थांबविता येतात. वर्षभर वापरून, दर तीन महिन्यांनी एकाच उजेडात, एकाच जागेवरून डोक्याचे छायाचित्र काढून गुण आला की नाही हे स्वतः तपासता येते. सही केलेला हप्ता आणि कापलेली कातडी यांना अशी परतीची वाट नसते.

शस्त्रक्रियेचे सत्य

केशरोपण ही लबाडी नव्हे. डोक्याच्या मागच्या झालरीतील मुळे त्या संप्रेरकाला दाद देत नाहीत आणि पुढे आणून लावली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. अमेरिकेतील नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५० च्या दशकात हे सिद्ध केले आणि आजचे सर्व तंत्र त्याच तत्त्वावर उभे आहे. योग्य रुग्णाला, योग्य हातांनी केल्यास त्याचा परिणाम चांगला व टिकाऊ असतो. परंतु त्यात नवा केस निर्माण होत नाही. मागचा केस पुढे जातो, एवढेच. मागचा साठा मर्यादित असतो आणि एकदा काढलेले मूळ तेथे पुन्हा उगवत नाही. शिवाय लावलेल्या केसांच्या आजूबाजूचे मूळचे केस आपल्या गतीने गळतच राहतात. पंचविशीत कपाळाची रेषा खाली आणून घेणाऱ्याच्या डोक्यावर पस्तिशीत पुढे लावलेल्या केसांचे एक बेट आणि मागे उजाड माळ, असे दृश्य दिसू शकते. मग पुन्हा शस्त्रक्रिया, आणि तिच्यासाठी साठा शिल्लक असेलच असे नाही. म्हणूनच जाणते डॉक्टर तरुणाला आधी औषधांनी गळती थोपविण्यास सांगतात आणि रोपणानंतरही ती चालू ठेवण्यास सांगतात. ‘एकदा खर्च करा आणि कायमचे मोकळे व्हा’ हे विक्रेत्याचे वाक्य येथेच खोटे पडते.

आता जिवाच्या धोक्याविषयी. २०१९ साली मुंबईत एका व्यापाऱ्याचा केशरोपणानंतर दोनच दिवसांत मृत्यू झाला; एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केसांचे रोपण झाल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. दिल्लीतील अशाच एका मृत्यूच्या प्रकरणात २०२२ साली उच्च न्यायालयाने लक्ष घातले. असे मृत्यू विरळ आहेत, हे खरे. पण जागा बधिर करणारे औषध प्रमाणाबाहेर जाणे, त्याची तीव्र प्रतिक्रिया येणे, जंतुसंसर्ग होणे, या गोष्टी तासन् तास चालणाऱ्या शस्त्रक्रियेत घडू शकतात. त्या वेळी जवळ प्राणवायू, औषधे आणि ती वापरता येणारा डॉक्टर असला तरच माणूस वाचतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केले की, केशरोपण हे त्यासाठी शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावयाचे आहे, तंत्रज्ञाने केवळ साहाय्य करावयाचे आहे, आणि चित्रफिती पाहून किंवा एखाद्या कार्यशाळेत बसून ही विद्या येत नाही. सूचना काढली म्हणजे ती पाळली गेली असे होत नाही, हे या देशात वेगळे सांगावयास नको.

रोपण आणि औषधे यांच्या मधल्या जागेत आणखी पुष्कळ माल भरलेला आहे. स्वतःचेच रक्त काढून त्यातील बिंबाणूंचा अंश डोक्यात टोचण्याचा उपचार काहींना थोडा गुण देतो. पण तो करण्याची एक ठरलेली पद्धत नाही, पुरावा संमिश्र आहे आणि प्रत्येक टोचणीचे पैसे स्वतंत्र आहेत. बायोटिनच्या गोळ्या, ज्याच्या शरीरात त्या जीवनसत्त्वाची कमतरता नाही, त्याच्या टकलावर काही करीत नाहीत. उलट थायरॉईडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी होणाऱ्या काही रक्तचाचण्यांत त्या घोळ करतात. विचार करणाऱ्याने हा मधला बाजार ओलांडून थेट आधीच्या दोन पर्यायांकडे यावे.

व्यक्तीची निवड आणि समाजाची जबाबदारी

एवढ्या माहितीवरून त्या तरुणासाठी एक साधा क्रम तयार होतो. प्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान. पुरुषी वळणाचेच टक्कल असल्यास धोके समजून घेऊन औषधे, आणि त्यांना पुरते एक वर्ष. त्यानंतरही उणीव जाणवत असेल व पैसा स्वतःचा असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार. तोही चार प्रश्न विचारून. कापणार कोण, त्या डॉक्टरांची पदवी व नोंदणी क्रमांक काय? एका बैठकीत किती केस काढणार व मागे किती राहणार? अपघात घडल्यास त्या खोलीत कोणती सोय आहे? रोपणानंतर औषधांचा खर्च किती? या प्रश्नांची लेखी उत्तरे न देणाऱ्या जागेतून सही न करता खाली उतरावे. आणि कोणत्याही टप्प्यावर कायम खुली असलेली एक निवड म्हणजे काहीच न करणे. पुरुषी टक्कल जिवाला अपाय करीत नाही. न्हाव्याकडे जाऊन केस बारीक करून घेणे हा सर्वांत स्वस्त, धोका नसलेला आणि पुष्कळांना शोभणारा मार्ग आहे. मात्र ही निवड तेव्हाच स्वेच्छेची ठरते, जेव्हा बाकीचे मार्ग कळल्यावर ती केलेली असते. ज्याला औषधाचे नाव माहीत नव्हते त्याच्यावर लादलेले टक्कल म्हणजे विरक्ती नव्हे.

परंतु हा सगळा शहाणपणा एकट्या माणसावर सोपवून भागणार नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या परिशिष्ट ‘जे’ मध्ये टक्कल आणि नव्या केसांची उगवण यांचा उल्लेख आहे. या गोष्टी बऱ्या करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, असे तो नियम सांगतो. नियम इतका जुना असूनही बाटल्यांवरचे दावे डोळ्यांसमोर आहेत. अन्न व औषध प्रशासनाकडे त्यांच्या लेखी तक्रारी करणे हे कार्यकर्त्याला सहज जमण्याजोगे काम आहे. महाराष्ट्रातील १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा मुख्यतः रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे; सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्याच्या डोक्यावर जेथे शस्त्रक्रिया होते अशा केंद्रांची तपासणी व दरपत्रक यांची तरतूद स्पष्ट शब्दांत झाली पाहिजे. वाशी, नेरूळ व ऐरोली येथील महापालिका रुग्णालयांत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग संध्याकाळीही चालावा, ही मागणी चैनीची नाही. पाळी बुडविल्यास ज्याचा रोज बुडतो, तो सकाळच्या रांगेत उभा राहू शकत नाही. आणि संध्याकाळी उघडी असलेली दारे फक्त विक्रेत्याची असतात. तो विभाग केवळ केसांसाठी नसेल. कारखान्यातील रसायनांनी होणारा इसब, खरूज, कुष्ठरोगाचा पहिला चट्टा हे सारे त्याच दारातून आत येईल.

कामगार संघटनांनाही येथे काम आहे. फाटकसभेत वेतनकराराबरोबर पाच मिनिटे या विषयाला दिली तर कोणाची निष्ठा कमी होणार नाही. हप्त्याने केस लावून घेणाऱ्या तरुणाचे पुढचे दीड वर्ष त्या हप्त्याला बांधलेले असते. ठेकेदाराने जादा पाळी सांगितली तर त्याला नकार देववत नाही, संपाची हाक आली तर तो खाली पाहतो. कर्जाने माणसाचा आवाज कसा बसतो हे चळवळीला नव्याने शिकावयास नको. सावकार बदलला, तारण बदलले, एवढेच. या तरुणाला आज आपले दुःख बोलून दाखविण्यासाठी एकच जागा उपलब्ध आहे आणि तेथे बोलण्याचे पैसे पडतात. संघटनेच्या कार्यालयात, न हसता, त्याला खुर्ची मिळाली आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला मिळाला, तर तो जिना चढण्यापूर्वी थांबेल. त्यानंतर त्याने औषध घ्यावे, केस बारीक करावेत किंवा पैसे साठवून शस्त्रक्रिया करावी. तो निर्णय त्याचा असेल, आणि त्याच्या पगारातून कोणाचा हप्ता जातो आहे म्हणून तो घेतलेला नसेल.